दादर-शिवाजी पार्क भागात मुलांसाठी शाळा कशा आहेत आणि सुट्टीच्या दिवशी जवळपास कुठे नेता येईल?

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून बदली होतेय, ऑफिस प्रभादेवीला, मुलगी पाच वर्षांची, मुलगा नऊचा, आणि दादर किंवा शिवाजी पार्कला भाड्याने घर बघताय. मी लग्न होऊन इथे आले त्याला आता चौदा वर्षं झाली, दोन्ही पोरं इथेच वाढतायत, त्यामुळे ऐकीव नाही, भोगलेलं सांगते.

आधी शाळेचं नाव नका बघू, रेल्वेची कुठली बाजू ते बघा. दादर एक नाहीये हो, दोन आहेत. मधून वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही लाईन जातात आणि मॅपवर दीड-दोन किलोमीटर दिसणारी शाळा पलीकडे असली की रोज टिळक ब्रिज आलाच. आम्ही हेच केलं. राहायला गोखले रोडला आणि मोठीला घातलं पूर्वेच्या एका नावाजलेल्या शाळेत, कारण सगळे म्हणाले शाळा छान आहे, आणि छान होतीच, तक्रार शाळेची नाहीच. पण पावसाळ्यात सकाळी साडेसहाला टॅक्सीवाला नाही म्हणतोय, ब्रिजवर बस अडकलीये, मुलगी रडकुंडीला आलीये आणि माझं ऑफिस वेगळंच, हे दोन वर्षं काढलं आणि शेवटी तिला पश्चिमेला आणलं. तर आधी शाळा ठरवा आणि मग चालत दहा-पंधरा मिनिटांच्या आत घर बघा, उलटं करू नका.

आता शाळा. पश्चिमेला पार्काच्या अगदी कडेला बालमोहन विद्यामंदिर आहे, दादासाहेब रेग्यांनी १९४० मध्ये सुरू केलेली, मराठी माध्यमात घालायचं मनात असेल तर पहिली चौकशी तिथे करा. भवानी शंकर रोडला शारदाश्रम, क्रिकेटवाली, म्हणजे १९८८ मध्ये सचिन आणि कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली ती याच शाळेकडून. आणि गंमत बघा, सचिन राहायचा वांद्रे पूर्वेला, त्याचे कोच आचरेकर सरांच्या सांगण्यावरून शारदाश्रमला आला, पण शाळा, प्रॅक्टिस आणि ये-जा जमेना म्हणून शेवटी शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे येऊन राहिला. त्यालाच प्रवास झेपला नाही तिथे आपण कोण!

आयसीएसई हवं असेल तर माहीमला बॉम्बे स्कॉटिश, १८४७ ची शाळा, पण तिथे प्रवेश मिळणं सोपं नाही, फक्त तिच्यावर विसंबून राहू नका. कमी लोकांना माहीत असलेलं एक सांगते, माहीम-माटुंग्याच्या बाजूला वूलन मिलची महापालिकेची शाळा आहे, ती २०२० मध्ये आयसीएसई बोर्डाची सुरू केली, प्रवेश लॉटरीने. पालिकेची म्हटलं की लोक नाक मुरडतात, मीही मुरडलं होतं, एकदा स्वतः जाऊन बघा मग ठरवा. पूर्वेला हिंदू कॉलनीत राजा शिवाजी विद्यालय, म्हणजे आमच्या सासऱ्यांच्या तोंडी अजून किंग जॉर्जच. घर पूर्वेला मिळालं तर उत्तमच, नाहीतर वरचा टिळक ब्रिजचा पॅरा पुन्हा वाचा.

मुलीचं तुम्हाला सोपं जाईल, पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत तेवढं मोजून घ्या आणि फॉर्मसाठी दिवाळी झाली की चकरा सुरू करा, मार्चमध्ये येऊन विचाराल तर हात हलवत परत जाल. मुलाचं अवघड आहे, मधल्या वर्गात कोणी सोडून गेलं तरच जागा होते. त्यामुळे त्याची शाळा आधी पक्की करा आणि मुलीला शक्यतो तिथेच घाला. नाशिकच्या शाळेतून दाखला आणि सरलचा (विद्यार्थ्यांच्या नोंदीची सरकारी ऑनलाइन यंत्रणा) स्टुडंट आयडी न विसरता घ्या, नंतर फोनाफोनीत महिना जातो.

फिरायला काय म्हणाल तर खरं म्हणजे शनिवार-रविवारपर्यंत थांबायची गरजच पडत नाही, रोज संध्याकाळी मैदान आहे ना. शिवाजी पार्क १९२५ पासूनचं, आधी माहीम पार्क म्हणायचे, अवंतिकाबाई गोखले नगरसेविका होत्या त्यांच्या आग्रहाने १९२७ मध्ये हे नाव मिळालं. साधारण अठ्ठावीस एकर मोकळी जागा, आणि भोवतीने सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर कट्टा. पोरं आत खेळतात, आपण कट्ट्यावर बसून लक्ष ठेवायचं, माझ्या निम्म्या मैत्रिणी त्या कट्ट्यावरच झाल्यात. पार्कातच श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे, तिथे मल्लखांब शिकवतात, मुलींना दोरीचा पण. २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच पार्कात झाली. माझी धाकटी आधी सायकलवरून पडली तरी आकांत करायची, ती आता दोरीवर उलटी लटकते आणि मला बघवत नाही. क्रिकेटचे कोचिंगवाले ढिगाने आहेत, लगेच वर्षाचे पैसे भरू नका, महिनाभर बघा.

जरा लांब जायचं तर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, अर्धा दिवस कमी पडतो, आता मेट्रो ३ ने दादरहून जाता येतं, सायन्स सेंटर नावाचंच स्टेशन आहे. वरळीलाच नेहरू तारांगण, सोमवारी बंद. राणीच्या बागेला टॅक्सी करू नका, दादरहून स्लो लोकल पकडून भायखळ्याला उतरा, पेंग्विन बघायला गर्दी असते म्हणून सकाळी उघडतानाच जा, आणि बुधवारी बंद असते हे आम्ही गेटवर जाऊन शिकलो. पण माझी सगळ्यात आवडती जागा धारावी डेपोसमोरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. एकेकाळी कचऱ्याचं डम्पिंग होतं तिथे, आज जंगल उभं आहे, शेजारून मिठी नदी जाते, फुलपाखरं दिसतात. झोपाळे-घसरगुंडी बघायला गेलात तर निराश व्हाल, तसली बाग नाही ती. मे महिन्यात दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात बालनाट्यं लागतात तीही सोडू नका.

आता न आवडणारं. पार्काची लाल माती उन्हाळ्यात घराघरात येते, धाकटीला खोकला लागायचा, म्हणून अगदी मैदानाला लागून घर घेताना विचार करा, दोन गल्ल्या आत बरं. दसरा मेळावा आणि विसर्जनाला रस्ते बंद, गाडी बाहेर काढायचीच नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, आदल्या दोन दिवसांपासून वर्दळ असते, पण तेव्हा पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात, मुलांना घेऊन जरूर जा, पिशव्या भरून आणतो आम्ही.

आणि घर बघताना ब्रोकरला नाही, वॉचमनला आणि शेजाऱ्यांना विचारा की सोसायटीत रिडेव्हलपमेंटचं कुठवर आलंय. इथे प्रत्येक दुसरी बिल्डिंग त्याच रांगेत आहे. शाळेजवळ म्हणून घर घ्याल आणि आठ महिन्यांत खाली करा म्हणतील, आमच्या समोरच्यांचं असंच झालं, ते आता पूर्वेला राहतात आणि रोज ब्रिज ओलांडतात.