उपभोगाचा अभ्यास लग्नाच्या बस्त्यापासून सुरू करा

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी दिखाऊ उपभोगाची, म्हणजे ऐपत दाखवण्यासाठी केलेल्या खर्चाची, कल्पना १८९९ मध्ये मांडली. ती वाचाच, पण आधी एका लग्नाचा बस्ता नीट बघा. वहीत प्रत्येक साडीपुढे किंमत, कोणाकडून कोणाला आणि ती कोणासमोर नेसली गेली, हे लिहा. नुसत्या किमती लिहिल्या की फसगत होते. मानपानात रुसवा स्वस्त साडीवरून कमी, जावेला चांगली मिळाली यावरून जास्त होतो.

पैठणी असेल तर पदर उलटा करा. हातमागावरच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. यंत्रमागावरच्या 'सेमी'त मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. मांडवात मात्र पदर कोणी उलटत नाही, लांबून दोन्ही साड्यांवर मोरच. म्हणून 'खास येवल्याहून आणली' हे सांगावं लागतं. ते कोण, कोणाला सांगतं ते टिपा. माझ्या मते खरा अर्थ तिथेच सापडतो.

'दाखवायला घेतली का?' असं थेट विचारू नका; 'छे, आवडली म्हणून' हेच उत्तर येईल. 'यातली कोणती कोणालाच देणार नाही?' असं विचारा. आणि देण्याघेण्यासाठी कपाटात वेगळ्या ठेवलेल्या साड्या पुढे कोणाच्या घरी जातात, त्याचाही माग काढा.