मोहन म्हणजे नुसतं तेल नव्हे

कोल्हापुरातल्या एका वाचक भगिनींचा प्रश्न असा: "दिवाळीच्या करंज्यांचं पीठ भिजवताना सासूबाई म्हणाल्या, 'मोहन कमी पडलंय गं, मूठ वळंना बघ.' मुलीनं लगेच विचारलं, मोहन म्हणजे तेलच ना? मग सरळ तेल का म्हणत नाहीत? शिवाय पाककृतींच्या एका पुस्तकात 'मोहन' आहे, दुसऱ्यात 'मोहण', आणि जाऊबाई 'मोवन' म्हणतात. यातलं बरोबर कुठलं? आणि या शब्दाचा कृष्णाच्या नावाशी काही संबंध आहे का?"

मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळं मर्म त्यातच आहे. तेल हे पदार्थाचं नाव आहे. मोहन हे त्या पदार्थाला मिळालेल्या कामाचं आणि जागेचं नाव आहे. मोहन तेलाचं असतं, तुपाचं असतं, डालड्याचं असतं, चकलीला लोण्याचंही असतं. एकाच बरणीतलं शेंगतेल पिठाच्या आत गेलं की मोहन, कढईत गेलं की तळणीचं तेल आणि तव्यावर गेलं की चपातीला लावलेलं तेल. म्हणूनच "मोहनाला तूप घे, तळायला तेल" हे वाक्य आपण सहज बोलतो. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात दिवाळीचा किराणा भरताना यादीतही ही दोन्ही वेगळीच मांडली जातात. आपल्या स्वयंपाकघरानं स्निग्ध पदार्थाला जागेप्रमाणे तीन नावं दिली आहेत: पिठाच्या कणाकणात जातं ते मोहन, दोन पाऱ्यांच्या, म्हणजे लाटलेल्या पिठाच्या थरांच्या, मध्ये पसरतं तो साटा आणि बाहेरून पदार्थ शिजवते ती तळणी. मराठीतली ही विभागणी मला फार नेमकी वाटते, कारण प्रत्येक जागेचा परिणाम वेगळा असतो.

मोहन घालायची रीत जवळून पाहिली की शब्द आपोआप उलगडतो. परातीत 1 वाटी बारीक रवा आणि 1 वाटी मैदा, चिमूटभर मीठ. मधोमध खळगा. पळीत 4 मोठे चमचे तूप किंवा तेल गॅसवर धरायचं. पिठाची चिमूट टाकली की ती लगेच फेसाळत वर आली पाहिजे, पण तेलाचा धूर निघेपर्यंत थांबायचं नाही. मग ते खळग्यात ओतायचं. चर्र आवाज होतो, पीठ फसफसतं, भाजल्याचा वास येतो. आधी चमच्यानं ढवळायचं, हाताला सोसेल इतकं निवलं की दोन्ही तळव्यांत धरून चोळायचं. एकही गुठळी राहता कामा नये. आणि अजून पाण्याचा थेंबही पडलेला नसतो! हा क्रम फार महत्त्वाचा आहे.

मैद्यात पाणी पडून तो मळला गेला की त्यातल्या प्रथिनांचं ग्लुटेन बनतं, म्हणजे लांब चिवट धागे. चपाती लाटताना ताणली जाते ती त्यांच्याच जोरावर. मोहन आधी चोळलं की कणांवर तेलातुपाचा पातळ लेप बसतो, नंतर आलेलं पाणी सगळीकडे पोचत नाही आणि धागे आखूड राहतात. तळल्यावर करंजीची पारी दाताखाली चुरते ती यामुळे. इंग्रजी बोलणारे बेकर याच कामाच्या तुपाला 'शॉर्टनिंग' म्हणतात, आणि त्यातल्या 'शॉर्ट'चा अर्थ इथे भुसभुशीत, चटकन चुरणारं असा आहे.

आता तेच तेल उलट क्रमानं घालून बघा. कोल्हापुरात 'पोळी' म्हटलं की पुरणाची, रोजची ती चपाती. या पोळीची कणीक आधी पाण्यात सैल भिजवतात आणि मग वरून तेल घालत तिंबतात. धागे तयार झाल्यानंतर तेल येतं, ते त्यांना आखूड करत नाही, एकमेकांवरून सरकायला मदत करतं. म्हणून ती कणीक पुरणाभोवती कागदासारखी ताणली जाते आणि फाटत नाही. तेल तेवढंच, पण परिणाम अगदी उलट. या तेलाला कुणीही मोहन म्हणत नाही. "कणकेला तेल पाजलं", "तेलात तिंबली" असं म्हणतात. 'तेल घालणे' आणि 'मोहन घालणे' यांतला फरक यापेक्षा स्वच्छ दाखवता येणार नाही. कृतीत "पिठात तेल व पाणी घालून मळा" असं लिहिणाऱ्यांनी याचा विचार करावा. ते वाचून नवशिकी व्यक्ती दोन्ही एकदम ओतते आणि करंज्या वातड होतात.

'मूठ वळणे' ही सासूबाईंची कसोटी शंभर टक्के खरी. मोहन चोळलेलं पीठ मुठीत दाबलं की मुटका वळला पाहिजे, त्यावर बोटांचे ठसे उठले पाहिजेत आणि बोटानं टिचकी मारली की तो फुटला पाहिजे. वळलाच नाही तर मोहन कमी. वळला, पण टिचकीनं फुटत नाही आणि तळवा चकचकीत झाला तर जास्त. वाटीचमच्यापेक्षा मी या मुठीवर अधिक विश्वास ठेवीन, कारण जाड रवा, बारीक रवा, मैदा यांची तेल धरायची ताकद सारखी नसते. मात्र ही कसोटी सगळीकडे एकाच मापानं लावू नये. खाऱ्या शंकरपाळीला मुटका घट्ट हवा. चकलीच्या भाजणीला तो घट्ट झाला तर चकली कढईत विरघळते. भाजणीत गहू नसला तर ग्लुटेनचा प्रश्नच नाही, पीठ एकमेकांना धरून ठेवायची ताकद मुळात कमी असते. म्हणून तिथे 4 वाट्या भाजणीला पाव वाटी मोहन पुरतं.

'कडकडीत मोहन' या जोडीबद्दल एक गैरसमज वारंवार दिसतो. कडकडीत मोहनानं पदार्थ कडक होतो, असं काहींना वाटतं. इथला कडकडीत म्हणजे 'कडकडीत ऊन', 'कडकडीत उपास' यांतला, म्हणजे अगदी तीव्र. मोहन गरम असतं एवढाच अर्थ. गरम तेल पातळ होतं आणि पिठात लवकर, सारखं पसरतं. कोमट तेल घातलं तर ते जागच्या जागी गुठळ्या करून बसतं, मग एकाच करंजीची एक बाजू खुसखुशीत आणि दुसरी चिवट होते. थंड मोहनही असतं, पण तिथे थिजलेलं तूप बोटांनी बराच वेळ चोळावं लागतं. घरी पाय किंवा टार्टचं कवच भाजणाऱ्यांना कृतीत "थंड लोणी मैद्यात चोळा" असं वाचायला मिळतं, ते हेच थंड मोहन. फक्त तिथे लोण्याचे वाटाण्याएवढे तुकडे मुद्दाम ठेवतात. लोण्यात पाणीही असतं, भट्टीत त्याची वाफ होऊन पापुद्रे सुटतात.

साट्याबद्दल थोडक्यात, कारण मोहन आणि साटा यांची गल्लत नेहमी होते. चिरोट्याच्या 2 वाट्या मैद्यात 2 मोठे चमचे मोहन जातं. शिवाय 3 चमचे तूप आणि तेवढंच तांदळाचं पीठ हलकं, पांढरं होईपर्यंत फेसून साटा करतात, तो लाटलेल्या पाऱ्यांवर लावून गुंडाळी करतात. मोहन पारी खुसखुशीत करतं, साटा पदर वेगळे ठेवतो. साटा पातळ झाला तर लाटताना कडेनं बाहेर येतो आणि पदर चिकटतात. बेकरीतली खारी याच युक्तीची आहे. नानकटाईचं मात्र वेगळं. 1 वाटी तूप आणि 1 वाटी पिठीसाखर आधी फेसायची, मग 2 वाट्या मैदा मिसळायचा. तूप भरपूर, तरी तिथे 'मोहन' कुणी म्हणत नाही, कारण तूप पिठावर येत नाही, पीठ तुपावर येतं. सामान घेऊन बेकरीत नानकटाईचे पत्रे (ट्रे) भाजून आणायला गेलेल्या बायकाही "तूप नीट फेसलंय का" असंच विचारतात.

इथवर आलं की चौकस वाचक दोन ठिकाणी अडवील. गोड शंकरपाळीत 1 वाटी तूप, 1 वाटी साखर आणि 1 वाटी दूध एकत्र गरम करून त्यात मावेल तेवढा मैदा घालतात. तूप दुधाबरोबरच आलं, तरी शंकरपाळी तळणीत विरघळली की "मोहन जास्त झालं" असंच म्हणतात. उकडीच्या चकलीतही उकळत्या पाण्यात तेल, तिखट, मीठ, तीळ घालून मग भाजणी टाकतात आणि "पाण्यात मोहन घाल" असं सांगतात. म्हणजे बोलीत शब्दाचा अर्थ थोडा सैल झाला आहे: पिठाच्या अंगात जाणारा कोणताही स्निग्ध पदार्थ. मला हा विस्तार खटकत नाही, कारण जागेची कल्पना कायम आहे.

आता रूपाचा प्रश्न. हिंदीत याला 'मोयन' म्हणतात, गुजरातीत 'मोण'. दोन्हींत 'ह' नाही. आणि त्या दोन्ही भाषांत कृष्णाचं नाव मात्र 'मोहन'च आहे, म्हणजे तिथे हे शब्द वेगवेगळे राहिले. जाऊबाईंचं 'मोवन' या शेजाऱ्यांच्या जवळ जातं. कोल्हापूरकडे पाहुण्याचा 'पावणा' होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे 'मोवन' ऐकलं की शिकलेला माणूस ते अपभ्रष्ट समजून 'ह' परत बसवतो. माझं मत असं, की 'मोहन' हे रूप असंच, ओळखीच्या नावाकडे ओढलं जाऊन पक्कं झालं. कृष्णाशी किंवा मोहवण्याशी अर्थाचा काही संबंध नाही. 'मऊ'शी नातं जोडण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो, पण मोहनाचा परिणाम मऊपणा नसून खुसखुशीतपणा आहे, म्हणून तेही मला पटत नाही.

'मोहण' कुठून आलं हे समजायला स्वयंपाकघरातले इतर शब्द बघावेत: वाटण, तळण, दळण, सारण, पुरण. या 'ण'वाल्या मेळाव्यात मोहनही ओढलं जातं. पण वाटणामागे वाटणे आहे, तळणामागे तळणे, दळणामागे दळणे. "पीठ मोहलं" असं मात्र आज सहसा कुणी म्हणत नाही. क्रियापद घालणे किंवा चोळणे हेच. म्हणून लिहिताना 'मोहन' लिहावं. बोलताना 'मोवन' म्हणणाऱ्यांना कुणी दुरुस्त करू नये, ते रूप शेजाऱ्यांशी नातं सांगणारं आहे.

व्याकरण या शब्दाला कृष्णाच्या नावापासून कसं वेगळं ठेवतं, हे मला सगळ्यात आवडतं. माणूस असेल तर "मोहन आला", पिठातलं असेल तर "मोहन घातलं". हे नपुंसकलिंगी. विभक्ती लागली की फरक आणखी उठून दिसतो. "मोहनचं तेल" म्हणजे मोहन नावाच्या कुणाचं तरी तेल, "मोहनाचं तेल" म्हणजे पिठासाठी काढून ठेवलेलं. माणसाच्या अशा नावाला आजच्या बोलण्यात प्रत्यय बहुधा थेट लागतो, सामान्यनामाचं सामान्यरूप होऊन 'मोहना-' होतं. "मोहनला विचार" आणि "मोहनाला तूप काढ" यांत कुणाचाही गोंधळ होत नाही. आणि "तेलाचं मोहन" निराळं, तिथे मोहन कशाचं ते सांगितलेलं असतं.

राहिला सासूबाईंच्या पिठाचा प्रश्न. मूठ वळत नाही हे पाणी घालण्याआधी कळलं तर काहीच बिघडलेलं नाही, आणखी चमचाभर तूप कडकडीत करून चोळावं. भिजवल्यानंतर कळलं तर त्या गोळ्यात वरून तूप मळू नये, ते पुरणपोळीच्या तेलासारखं वागतं. त्याऐवजी मूठभर रवामैद्याला दुप्पट मोहन चोळून, घट्ट भिजवून तो गोळा पहिल्यात कुटून एकजीव करावा आणि तासभर झाकून ठेवावा. मोहन जास्त झालं तर करंजीच्या कडा चिकटत नाहीत, तळताना तोंड उघडून सारण कढईत सांडतं. तेव्हा उलट करावं: साधा मैदा नुसत्या पाण्यात भिजवून त्यात मिसळावा, आणि कडांना दुधाचं बोट लावून मुरड घालावी. चकली विरघळत असेल तर थोडी कोरडी भाजणी गरम पाण्यात वेगळी भिजवून मळावी. पुढची चकली सोऱ्यातून कागदावर पाडून आधी एकच तळून बघावी.