लॅपटॉपवर क्वांटम सर्किट चालवून बघायला किस्किट घ्यावं, सर्क (दोन्ही क्वांटम प्रोग्रामिंगच्या पायथन लायब्रऱ्या) की आणखी काही?

आधी क्यूबिट (क्वांटम बिट) किती लागणार ते बघा. पूर्ण स्टेटव्हेक्टर (सगळ्या क्यूबिटांच्या एकत्रित अवस्थेची आकड्यांची यादी) डबल प्रिसिजनमध्ये ठेवायचा तर ३० क्यूबिटना १६ जीबी रॅम लागते आणि पुढच्या प्रत्येक क्यूबिटला ती दुप्पट होते. इथे कुठल्याच टूलची जादू चालत नाही.

शिकायचं असेल तर सरळ किस्किट घ्या. सिम्युलेटर मात्र एर या वेगळ्या पॅकेजात येतो, तो न विसरता इन्स्टॉल करा. नॉइज मॉडेल (खऱ्या मशीनमधल्या चुकांची नक्कल) त्यात आहेच, शिवाय एंटँगलमेंट (क्यूबिटांची आपसातली गुंतागुंत) कमी असेल तर पूर्ण स्टेटव्हेक्टर न ठेवणाऱ्या मॅट्रिक्स प्रॉडक्ट स्टेट पद्धतीने बरेच जास्त क्यूबिट निभावतात. सर्कही चांगलं आहे, सोबतीला क्यूसिम हा सिम्युलेटर जोडला की वेग मिळतो.

दोन्हींची उत्तरं ताडून बघताना एक खोच आहे. दोन क्यूबिटांपैकी शून्य क्रमांकाच्या क्यूबिटवर एक्स गेट (० चा १ करणारं) लावा: किस्किट ०१ दाखवतं, सर्क १०. चूक कोणाचीच नाही, बिटांचा क्रम उलटा आहे एवढंच. यात भले भले गोंधळतात.

एरर करेक्शन (क्यूबिटांतल्या चुका दुरुस्त करणं) करायचं असेल तर स्टिम हा सिम्युलेटर. हजारो क्यूबिट सहज पेलतो, पण फक्त क्लिफर्ड गेट (साध्या कॉम्प्युटरवर झटपट सिम्युलेट होणारा गेटांचा गट). त्या गटाबाहेरचं टी गेट आलं की संपलं. क्वांटम मशीन लर्निंगला पेनीलेन ही लायब्ररी.