पॅथॉलॉजिस्टने मेडिकल इन्फॉर्मॅटिक्सकडे वळणे म्हणजे विषय सोडणे आहे का?

पॅथॉलॉजीत एम.डी. झाल्यावर डेटा अॅनालिसिसची, म्हणजेच वैद्यकीय माहिती संगणकाने हाताळण्याच्या मेडिकल इन्फॉर्मॅटिक्सची ओढ वाटू लागली, तर ते विषयापासून दूर जाणे ठरते का आणि सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. मी मुंबईत एक लॅब सांभाळते आणि माझ्या मते ही ओढ आपल्या विषयातूनच येते. आज अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या स्नोमेड या वैद्यकीय संज्ञावलीचे मूळ अमेरिकेतील पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेने १९६५ साली काढलेल्या स्नॉपमध्ये आहे.

मला याची गोडी लागली ती पोटॅशियममुळे. ईसीजी अगदी नॉर्मल असलेल्या रुग्णांचे पोटॅशियम ५.८ इतके जास्त कसे, असे विचारणारे डॉक्टरांचे फोन येऊ लागले. यंत्र तपासण्याच्या कंट्रोल नमुन्यांचे आकडे ठीक होते, सिरम (रक्ताचा पेशीविरहित द्रवभाग) स्वच्छ होते, लाल पेशी फुटल्याचा लालसरपणा कुठेच नव्हता. अखेर महिन्याभराचे सगळे आकडे एक्सेलमध्ये घेऊन कलेक्शन सेंटरनुसार मध्यक काढला, तेव्हा इतर ठिकाणी ४.२च्या आसपास असलेला आकडा उपनगरातील एकाच सेंटरवर ४.८ निघाला. तिथे जाऊन पाहिले, तर लोकलच्या प्रवासात उन्हाने सॅम्पल खराब होऊ नये या काळजीपोटी मुले नळ्या सेंट्रिफ्यूज न करताच (म्हणजे यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या न करताच) बर्फाच्या डब्यात ठेवत होती. थंडीत लाल पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि पेशी न फुटताही पोटॅशियम बाहेर झिरपते. आधी सिरम वेगळे करून मग थंड ठेवायला सांगितल्यावर मध्यक पूर्ववत झाला. फरक कोणत्याही संगणकतज्ज्ञाला दिसला असता, पण बर्फाची शंका नळी हाताळणाऱ्यालाच येते.

म्हणून एआयच्या महागड्या कोर्सपासून सुरुवात करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या लॅबमधील एका चाचणीचे महिन्याभराचे आकडे घ्या, नाव आणि मोबाइल नंबर आधी काढून टाका, आणि वेळ, यंत्र, सेंटर यांनुसार ते मांडून पाहा. त्यानंतर एसक्यूएल ही डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा आणि चाचण्यांच्या नावांसाठीची लॉइंक ही संकेतप्रणाली शिका. आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषा त्यापुढे. ब्रायन बुल यांनी १९७४ मध्ये वीस-वीस रुग्णांच्या एमसीव्हीसारख्या (लाल पेशींचे सरासरी आकारमान) आकड्यांच्या सरासरीवरून यंत्रावर नजर ठेवण्याची जी रीत मांडली, तीही अवश्य करून पाहा. प्लेटलेटच्या बाबतीत मात्र सावध राहा, कारण आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाचे रुग्ण वाढले की यंत्र उत्तम चालत असतानाही ती सरासरी खाली येते.