सुऱ्यांची पाळी आणि डोंगराची सुट्टी

प्रश्न : बाई, माझी मुलगी रत्नागिरीला वसतिगृहात राहून शिकते. तिथे वाढप, भांडी, व्हरांडा झाडणं हे सगळं मुलींना पाळीनं करावं लागतं. घरी आली की कुरकुर करते, ‘फी भरतो ना आपण?’ आता तिनं कुठंतरी वाचलंय की दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मुलीही असंच राबायच्या. हे खरं का? आणि मग त्या मजा कधी करायच्या?
– एक आई, वेंगुर्ले

उत्तर : ताई, खरं आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या साउथ हॅडली गावी मेरी लायन यांनी 1837 साली माउंट होलिओक ही मुलींची संस्था काढली. पुढे 1893 मध्ये तिला कॉलेज हे नाव मिळालं. लायनबाई शेतकऱ्याच्या घरातल्या, वडील लहानपणीच गेलेले. हिरव्या मखमलीची पिशवी घेऊन त्यांनी दारोदार वर्गणी जमवली. स्वयंपाक, धुणं, झाडलोट मुलींवरच सोपवली, म्हणून राहणं, जेवण आणि शिक्षण मिळून वर्षाला 60 डॉलरमध्ये बसलं. तुमच्या लेकीच्या ‘फी भरतो ना’ला माझं उत्तर हेच. पाळी होती म्हणून तर साध्या घरातल्या मुलींना ती फी झेपली.

कवयित्री एमिली डिकिन्सन 1847-48 मध्ये तिथे होती. तिच्याकडे सुऱ्यांचं काम. सकाळी आणि दुपारी टेबलांच्या पहिल्या रांगेतल्या सुऱ्या न्यायच्या, रात्री तेवढ्याच धुऊन पुसायच्या. तिनं मैत्रिणीला लिहून कळवलेला दिवस असा : सहाला उठणं, सातला न्याहारी, आठपासून अभ्यास, नऊला प्रार्थना, बाराला पंधरा मिनिटं व्यायाम, साडेबाराला जेवण. दीड ते दोन सगळ्यांनी मिळून गाणं. मग पियानोचा सराव. पावणेचारला प्रत्येकीनं आपल्या दिवसाचा हिशेब द्यायचा, उशीर कधी झाला, अभ्यासाच्या वेळी बोललो का. साडेचारला लायनबाईंचा उपदेश. सहाला जेवण, मग पुन्हा मुकाट अभ्यास, आणि पावणेनऊला झोपायची घंटा.

मी बरीच वर्षं रेक्टर होते. मला त्यातली रोजची कबुली मुळीच पसंत नाही. मुलींवर विश्वास टाकावा लागतो. कामाची पाळी मात्र मी कधी बंद होऊ दिली नाही. रविवारी पाच-सहा जणी खवण्या घेऊन नारळ खवायला बसल्या की गाणी, नकला, घरच्या गोष्टी सगळं तिथंच चालायचं. खवलेलं खोबरं ताटात कमी आणि तोंडात जास्त जायचं, मी बघत असे आणि काही म्हणत नसे.

आता मजेचं. 1848 च्या फेब्रुवारीत लायनबाईंनी व्हॅलेंटाइनच्या चिठ्ठ्या पाठवायला बंदी केली. आदल्या वर्षीच्या मुलींना त्यांचं मत ठाऊक होतं. त्यांनी सुट्टीतच चिठ्ठ्या लिहून ओळखीच्या माणसाकडे देऊन ठेवल्या आणि हुकूम निघण्याआधीच सुमारे 150 रवाना झाल्या! एका शिक्षिकेला चौकशीसाठी पोस्टात धाडावं लागलं. आणखी एक म्हणजे डोंगराची सुट्टी. 1838 पासून शरद ऋतूत एके दिवशी अचानक वर्ग बंद ठेवायचे आणि सगळ्यांनी डोंगरावर जायचं. ही प्रथा आजही आहे. सकाळी घंटा वाजली की कळतं, आज सुट्टी.

मुलांच्या कॉलेजांत निराळं. हार्वर्ड आणि येलची नौकाशर्यत 1852 मध्ये विनिपेसाकी तळ्यावर झाली, तर रटगर्स आणि प्रिन्स्टनचा फुटबॉलचा सामना 1869 मध्ये. मुलींनाही फार थांबावं लागलं नाही. वासर कॉलेज 1865 मध्ये उघडलं आणि दुसऱ्याच वर्षी तिथल्या मुलींनी बेसबॉलचा क्लब काढला.

ताई, तुमची लेक दमत असेल तर तिचं ऐकून घ्या. परीक्षेच्या दिवसांत पाळी हलकी करायला रेक्टरबाईंना जरूर सांगा, ते मागणं रास्त आहे. पण काम काढूनच टाका असं म्हणू नका. त्यापेक्षा पालकसभेत अशीच एक अचानक मिळणारी सुट्टी मागा. पावसाळा सरला की रत्नदुर्गावर चालत जाऊन, भगवतीचं दर्शन घेऊन, डबा खाऊन परत यायला एक दिवस पुरतो. डबे मुलींनीच करावेत.