जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बाहेरून जोडली आहे. फाइल्स दिसतात, उघडतात, पण नवीन काही साठवता येत नाही. फॉरमॅट करणं हाच उपाय आहे का?

नाही. आणि हे उत्तर वाचून होईपर्यंत फॉरमॅटच्या बटणाला हातही लावू नका. तुम्ही लिहिलंय की डिस्कवर आठ-नऊ वर्षांचे फोटो आहेत, त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही, आणि पुढे ही डिस्क विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही कॉम्प्युटरना लावायची आहे. एका मित्राने सांगितलं 'सगळ्याला ७७७ परवानगी देऊन टाक' (म्हणजे प्रत्येक फाइल कोणालाही वाचायची, बदलायची, चालवायची मुभा), दुसऱ्याने सांगितलं 'फॉरमॅट मार'. नकार नेमका कोण देतंय, हे मात्र दोघांनीही विचारलेलं दिसत नाही. सगळा उलगडा तिथेच आहे.

लिनक्सवर डिस्क जोडा, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा, डिस्कच्या फोल्डरमध्ये जा आणि टच कमांडने एक रिकामी फाइल बनवायचा प्रयत्न करा. फाइल बनणार नाही, पण एक ओळ उमटेल. ती ओळ नीट वाचा. तिथे 'परमिशन डिनाइड' आलं, तर तक्रार तुमच्याबद्दल आहे: डिस्कवर लिहिता येतं, पण तुम्हाला लिहू दिलं जात नाही. तिथे 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' आलं, तर तक्रार डिस्कबद्दल आहे: सध्या तिच्यावर कोणालाच लिहिता येणार नाही, रूटलाही, म्हणजे सगळे हक्क असलेल्या मुख्य खात्यालाही नाही. या दोन ओळी दिसायला सारख्या वाटल्या तरी त्यांचे उपाय अगदी वेगळे आहेत. दुसरी ओळ आलेली असताना परवानग्या बदलत बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

त्याचबरोबर एलएसबीएलके ही कमांड 'एफ' पर्यायासह चालवा. डिस्कच्या कोणत्या भागावर (पार्टिशनवर) कोणती फाइल सिस्टिम, म्हणजे फाइल्स मांडून ठेवायची पद्धत, आहे ते ती दाखवते: विंडोजची एनटीएफएस, लिनक्सची ईएक्सटी४, दोन्हीकडे चालणारी एक्सफॅट, जे असेल ते. ओळ आणि नाव या दोन गोष्टी हातात आल्या की निदान बहुतेक झालंच.

आधी परवानगीचा प्रकार घेतो, कारण मी स्वतः त्यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. बहिणीचा लॅपटॉप बंद पडला, त्यातली डिस्क काढून यूएसबीच्या केसमध्ये घातली आणि तिच्या नव्या लॅपटॉपला लावली. डिस्क ईएक्सटी४ होती. तिचेच फोटो, तिचंच फोल्डर, तिचंच नाव, तरी एक फाइल हलवता येईना. शेवटी फाइल्सची यादी लांब स्वरूपात काढली, तेव्हा मालकाच्या रकान्यात नाव नव्हतं, नुसता आकडा होता: १००१. तिथे गाठ सुटली. ईएक्सटी४ फाइलवर मालकाचं नाव लिहीत नाही, आकडा लिहितं. उबुंटू, डेबियन अशा सिस्टिममध्ये तुम्ही बनवलेल्या पहिल्या खात्याला १००० हा आकडा मिळतो, दुसऱ्याला १००१. जुन्या लॅपटॉपवर पहिलं खातं घरातल्या दुसऱ्या कोणाचं होतं आणि तिचं दुसरं. नव्यावर तीच पहिली. म्हणजे नव्या लॅपटॉपच्या दृष्टीने या फाइल्स १००१ नावाच्या कोणा अनोळखी माणसाच्या होत्या, आणि लॅपटॉप त्या माणसाच्या वस्तूंची राखण करत होता. त्याचं काही चुकत नव्हतं.

उपाय साधा आहे: मालक बदला. सी-एच-ओ-डब्ल्यू-एन ही कमांड सुडोसह (म्हणजे रूटच्या हक्काने), आतल्या सगळ्या फोल्डरांना लागू होईल अशी, तुमच्या नावाने चालवा. फक्त मार्ग लिहिताना जपा. डिस्कवर जुनी लिनक्स सिस्टिमही असेल, तर ही कमांड फक्त जुन्या होममधल्या (जिथे प्रत्येक खात्याच्या फाइल्स असतात) तुमच्या फोल्डरवर चालवा, अख्ख्या डिस्कवर नको. आणि एंटर दाबण्याआधी मार्ग एकदा मोठ्याने वाचा. नुसती एक तिरकी रेघ चुकून उरली, तर ही कमांड चालू कॉम्प्युटरच्याच सगळ्या सिस्टिम फाइल्सचा मालक बदलून टाकते, आणि ते निस्तरणं फार कठीण जातं.

आता ७७७ विषयी. त्याने त्या क्षणी काम होतं, म्हणूनच हा सल्ला इतका पसरलाय. पण त्याने प्रत्येक फोटो चालवता येण्याजोगा प्रोग्रॅम म्हणून नोंदला जातो आणि त्या कॉम्प्युटरवरच्या कुठल्याही खात्याला तुमची कुठलीही फाइल पुसायची मुभा मिळते. शिवाय रोग तसाच राहतो. उद्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्याच डिस्कवर नवीन फाइल टाकली की ती तिथल्या खात्याच्या आकड्याने आणि नेहमीच्याच परवानगीने जन्माला येते, आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर. जुन्या होम फोल्डरमध्ये एसएसएचच्या (दुसऱ्या कॉम्प्युटरवर सुरक्षित लॉग-इन करायच्या सोयीच्या) खासगी किल्ल्या असतील तर आणखी एक गोम आहे: त्यांची परवानगी इतकी सैल दिसली की एसएसएच त्या वापरायलाच नकार देतं.

डिस्क फॅट३२ किंवा एक्सफॅट असेल तर हे सगळं लागूच होत नाही. त्या फाइल सिस्टिममध्ये मालक लिहून ठेवायला जागाच नाही. तिथे मालक बदलायची कमांड दिली की नकारच मिळतो, कारण बदलायला काही नसतंच. अशा डिस्कवर मालक ठरतो तो डिस्क जोडताना. माउंट करताना, म्हणजे कमांडने डिस्क जोडताना, युआयडी (खात्याचा आकडा), जीआयडी (गटाचा आकडा) आणि युमास्क (कोणत्या परवानग्या वगळायच्या ते) हे पर्याय देऊन तुमचा आकडा सांगायचा, म्हणजे सगळ्या फाइल्स तुमच्या दिसतात. फाइल मॅनेजरमधून क्लिक करून डिस्क जोडली तर हे आपोआप होतं. हाताने सुडो लावून माउंट केली की अडतं.

विंडोजमध्येही गोष्ट तीच, फक्त आकडा लांब. एनटीएफएसवर प्रत्येक खात्याची ओळख एस-१-५-२१ अशी सुरू होणाऱ्या एका लांबलचक क्रमांकात असते. जुन्या विंडोजमधलं तुमचं खातं नव्या विंडोजला ठाऊक नसतं, म्हणून फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीच्या टॅबवर नावाऐवजी तो क्रमांक आणि 'अननोन अकाउंट' दिसतं. तिथून अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जा, ओनरपुढचं 'चेंज' दाबा, आपलं खातं निवडा आणि आतल्या सगळ्या फोल्डरांचाही मालक बदलण्याच्या चौकटीत खूण करा. त्यानंतर त्याच जागी आपल्या खात्याला पूर्ण हक्क द्यायला विसरू नका, कारण मालक होणं आणि परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे फक्त यूझर्समधल्या तुमच्या फोल्डरवर करा. मात्र डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क सांकेतिक करण्याच्या सोयीने) कुलूपबंद असेल तर मालकी बदलून काही होत नाही, तिथे ४८ अंकी रिकव्हरी की लागतेच.

आता दुसरी ओळ, रीड-ओन्ली. तुमच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज होतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून माझा पहिला संशय इथेच आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असली की 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. सिस्टिमचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवला जातो, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू होता येतं. लॅपटॉप त्या अवस्थेत कायमचा बंद पडला आणि डिस्क तुमच्या हातात आली, तर लिनक्सला ती डिस्क अर्ध्यात सोडलेली दिसते. तिच्यावर लिहिलं तर आतला हिशेब बिघडू शकतो, म्हणून लिनक्स कधी ती फक्त वाचण्यापुरती जोडतं, कधी जोडायलाच नकार देतं. हा नकार तुमच्या फोटोंच्याच भल्याचा आहे. डिस्क एखाद्या चालू विंडोज कॉम्प्युटरला लावा आणि फोटो दुसरीकडे उतरवून घ्या. मग चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) 'एफ' पर्यायासह चालवा आणि 'सेफली रिमूव्ह' करून काढा. काही वेळा एवढ्यानेच लिनक्सवर लिहिता येऊ लागतं.

मॅकवर मात्र एनटीएफएस डिस्क चांगली असली तरी मुळात फक्त वाचतातच. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

रीड-ओन्लीचं आणखी एक कारण आहे आणि त्याची मला खरी काळजी वाटते. डिस्क मरायला लागली असेल, तर ईएक्सटी४ वर चूक सापडताच लिनक्स बहुतेक ठिकाणी ती डिस्क स्वतःहून रीड-ओन्ली करतं. डिस्क जोडली तेव्हा लिहिता येत होतं आणि मध्येच थांबलं, टकटक आवाज येतोय, एखादा फोल्डर उघडायला मिनिटभर लागतंय, अशी लक्षणं असतील तर परवानगी वगैरे सगळं बाजूला ठेवा. डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) काढा आणि त्यात क्रमांक ५ म्हणजे बदलून दिलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे), आणि क्रमांक १९७ म्हणजे वाचता न येऊन ताटकळलेले सेक्टर, हे दोन आकडे बघा. ते शून्य नसतील आणि वाढत असतील, तर त्या डिस्कवर एकही दुरुस्तीची कमांड चालवू नका. आधी फोटो उतरवा. ती डिस्क परत वापरात आणायचा विचारही सोडा.

फॉरमॅटविषयी शेवटी लिहितोय, कारण त्याची वेळ शेवटीच येते: फोटो दुसऱ्या जागी पोचले, त्यातले चार-पाच उघडून बघितले, त्यानंतर. आणि फॉरमॅट केल्याने परवानगीचा प्रश्न सुटेलच असंही नाही. कोऱ्या डिस्कवर ईएक्सटी४ बनवली की तिच्या सगळ्यात वरच्या फोल्डरचा मालक साधारणपणे रूट असतो. म्हणजे डिस्क पूर्ण रिकामी, आणि तरी तुमच्या खात्याने टच केलं की 'परमिशन डिनाइड'. तिथेही मालक बदलावाच लागतो. शिवाय ईएक्सटी४ मूळ मांडणीत पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. १ टीबीच्या डिस्कवर ही जागा सुमारे ५० जीबी होते. नुसती साठवणीची डिस्क असेल तर ती नंतर कमी करता येते.

तुमची गरज विंडोज आणि लिनक्स अशी दोन्हीकडची आहे, तेव्हा ईएक्सटी४ नको. विंडोजला ती कळत नाही, आणि न कळलेली डिस्क दिसली की विंडोज सरळ विचारतं, 'ही वापरण्याआधी फॉरमॅट करायला हवी, करू का?' घाईत कोणीतरी 'हो' म्हणतं. फॅट३२ वरही ४ जीबीच्या पलीकडची एक फाइल मावत नाही, मोठे व्हिडिओ तिथे अडतात. उरतात एक्सफॅट आणि एनटीएफएस. एक्सफॅट दोन्हीकडे आणि मॅकवरही चालते, लिनक्सच्या गाभ्यात ती ५.४ या आवृत्तीपासून आहे, आणि परवानगीची कटकट जवळजवळ नाही. पण तिला जर्नल, म्हणजे चालू बदलांची आधी करून ठेवलेली नोंद, नाही. लिहिणं चालू असताना केबल निघाली तर एनटीएफएस जितकी सावरते तितकी ती सावरत नाही. तुम्ही डिस्क नेहमी नीट इजेक्ट करून काढणारे असाल तर एक्सफॅट घ्या. घरातली तीन-चार माणसं ती वापरणार असतील तर मी एनटीएफएस निवडेन.

आता एवढं करा: टच केल्यावर उमटलेली ओळ, एलएसबीएलकेमधलं फाइल सिस्टिमचं नाव आणि स्मार्टमधले ५ व १९७ समोरचे आकडे इथे खाली लिहा. ते बघून पुढची नेमकी कमांड मी मार्गासकट लिहून देतो. तोवर डिस्क जोडून ठेवू नका, काढून ठेवा.