नस दबली आहे, पण नेमकी कुठे? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : मी सुतारकाम करतो. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना मुंग्या येतात. कोपराखाली आतल्या बाजूने हात भरून येतो. मनगटात नस दबली आहे असं सांगून पट्टा दिला, पण काही फरक नाही. आता मनगटाचं ऑपरेशन करून घ्यावं का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : इतक्यात नको. या तीन बोटांना मुंग्या आल्या की मनगटाचंच नाव निघतं, कारण तिथे दबण्याचं प्रमाण खरोखरच जास्त आहे. पण या बोटांना जाणारी मीडियन नस मनगटात पोचण्याआधी कोपरासमोरून येते, तळवा खाली वळवणाऱ्या प्रोनेटर टेरीस या स्नायूच्या दोन मुळांमधून शिरते आणि बोटं वाकवणाऱ्या स्नायूच्या कमानीखालून जाते. यातल्या कुठल्याही ठिकाणी ती दबली तरी मुंग्या त्याच बोटांना येतात. म्हणून नुसत्या बोटांवरून जागा ठरत नाही.

जागा ठरवायला तळहात उपयोगी पडतो. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, त्याच्या कातडीची संवेदना नेणारी फांदी मनगटाच्या साधारण 5 सेंटिमीटर वरच मूळ नसेपासून सुटते आणि मनगटाच्या बोगद्यात (नस ज्या अरुंद जागेतून तळहातात जाते तिथे) न शिरता वरून जाते. त्यामुळे दाब फक्त बोगद्यात असेल तर बोटं बधिर होतात, उंचवटा होत नाही. डोळे मिटून घ्या आणि घरातल्या कुणाला तरी दोन्ही हातांच्या उंचवट्यांवर आळीपाळीने कापसाचा बोळा फिरवायला सांगा. उजवीकडे स्पर्श बोथट लागला तर दाब मनगटाच्या वर शोधायला हवा.

त्रास कधी होतो हेही डॉक्टरांना सांगा. मनगटात दबलेली नस रात्री झोपेतून उठवते आणि हात झटकला की बरं वाटतं. कोपराखाली दबलेली नस बहुधा कामाच्या वेळी त्रास देते, म्हणजे हाताने स्क्रू पिळताना किंवा रंधा मारताना. तुम्ही पत्रात रात्रीचा उल्लेखच केलेला नाही, तो आठवून पाहा.

दवाखान्यात तीन हालचाली करून घ्यायला हव्यात. पहिलीत कोपर वाकवून, तळवा खाली वळवण्याचा जोर लावून ठेवायचा आणि डॉक्टरांनी तो अडवत कोपर हळूहळू सरळ करायचं. मुंग्या वाढल्या तर प्रोनेटरचा संशय बळावतो. दुसरीत मधल्या बोटाचं मधलं पेर अडथळ्याविरुद्ध वाकवायचं. त्रास झाला तर बोटांच्या स्नायूच्या कमानीवर संशय जातो. तिसरीत तळवा वर ठेवून, कोपर पुरतं वाकवून अडथळ्याविरुद्ध जोर लावायचा. त्यात कोपरासमोरचा तंतुमय पट्टा तपासला जातो. प्रोनेटर स्नायूवर अंगठ्याने 30 सेकंद दाबूनही पाहतात, मात्र तिथे जोरात दाबलं तर कुणालाही दुखतं. म्हणून दोन्ही हात सारख्याच जोराने दाबून पाहायचे, आणि ‘दुखलं’ याला महत्त्व न देता ‘त्याच बोटांना मुंग्या आल्या’ याला द्यायचं.

प्रोनेटरमध्ये दाब काम करतानाच वाढतो, त्यामुळे एनसीव्ही, म्हणजे नसेतून लहर किती वेगाने जाते याची तपासणी, बऱ्याचदा नॉर्मल येते. नॉर्मल रिपोर्टवरून कोपराखालचा दाब नाकारता येत नाही. उलट मनगटात वेग मंदावलेला स्पष्ट दिसला तर मनगटाचं निदान पक्कं होतं. काही जणांत दोन्ही जागी दाब असतो, हेही लक्षात असू द्या. सध्या स्क्रू हाताने पिळणं बंद करून बॅटरीचं ड्रिल वापरा आणि सहा ते आठ आठवडे तळवा खाली वळवण्याची जोराची कामं टाळा. बऱ्याच जणांना एवढ्याने आराम पडतो. आणि या काळात मानेचीही तपासणी करून घ्या. मानेतली सहावी-सातवी नस दबली तरी याच बोटांना मुंग्या येतात.

प्रश्न : माझे वडील शिंपी आहेत. अचानक त्यांना सुई धरता येईनाशी झाली. अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक वाकत नाही, पण बधिरपणा अजिबात नाही. एनसीव्ही नॉर्मल आली. हा अर्धांगाचा प्रकार तर नाही ना?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : तुमच्या वर्णनावरून अर्धांगापेक्षा कोपराखालच्या एका फांदीचा दोष जास्त संभवतो. चेहरा वाकडा होणं, बोलताना अडखळणं किंवा पाय लटका पडणं यातलं काहीही सोबत असतं, तर मात्र प्रश्न न पाठवता त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं असतं.

मीडियन नसेला कोपराखाली एक फांदी फुटते, अँटिरियर इंटरऑसियस. ती तीन ठिकाणी काम करते : अंगठ्याचं टोक वाकवणारा स्नायू, तर्जनीचं (बऱ्याचदा मधल्या बोटाचंही) टोक वाकवणारा स्नायू आणि मनगटाजवळचा तळवा वळवणारा छोटा स्नायू. कातडीची संवेदना तिच्याकडे नाही, म्हणून बधिरपणाही नाही. वडिलांना अंगठा आणि तर्जनीचा गोल करायला सांगा. गोल होत नसेल, टोकं न वाकता बोटांच्या गाद्या एकमेकींवर सपाट टेकत असतील, तर खूण जुळली.

तरी एक शंका फेडून घ्या. अंगठ्याची दोरीसारखी शीर, म्हणजे टेंडन, तुटली तरी टोक वाकत नाही. वडिलांचा हात सैल सोडून मनगट मागे वळवा. टेंडन शाबूत असेल तर अंगठ्याचं टोक आपोआप किंचित आत वळतं. वळलं नाही तर हाताच्या सर्जनला लवकर दाखवा, कारण टेंडनच्या बाबतीत उशीर महागात पडतो.

एनसीव्ही नॉर्मल का आली? नेहमीच्या तपासणीत अंगठ्याच्या बुडाच्या स्नायूपर्यंतचा मार्ग मोजतात. ही फांदी त्या मार्गावर येतच नाही. इथे सुईची ईएमजी, म्हणजे स्नायूत सुई घालून त्यातल्या विजेच्या लहरी पाहणारी तपासणी, लागते, आणि तीही त्रास सुरू झाल्यापासून तीन आठवडे उलटल्यावर, कारण तोवर स्नायूत बिघाडाच्या लहरी उमटत नाहीत. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून स्नायूंची नावं लिहून घ्या : फ्लेक्सर पॉलिसिस लाँगस, तर्जनीचा फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडस आणि प्रोनेटर क्वाड्रेटस. ‘हाताची ईएमजी’ एवढंच लिहिलं तर हे स्नायू राहून जाण्याची शक्यता असते.

हे सुरू होण्याआधी काही दिवस खांद्यात असह्य वेदना होऊन गेली होती का, हे वडिलांना आवर्जून विचारा. तसं असेल तर हा दाब नसून नसेची सूज असू शकते. ती बहुधा काही महिन्यांत आपणहून ओसरते, घाईने केलेल्या ऑपरेशनने काही साधत नाही. आमच्या मते हा प्रश्न सगळ्या तपासण्यांच्या आधी विचारायला हवा, आणि नेमका तोच राहतो. सुधारणा साधारण सहा महिन्यांत ना हातात ना ईएमजीत दिसली, तर शस्त्रक्रियेचा विचार.

प्रश्न : टेनिस एल्बो म्हणून कोपरात दोन इंजेक्शनं घेतली, तरी दुखणं तसंच आहे. एमआरआय करावा का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी दुखण्याची जागा एका बोटाने दाखवा. टेनिस एल्बो कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टोकावरच दुखतो. त्याच्या 3 ते 5 सेंटिमीटर खाली, स्नायूत खोल दुखत असेल, तर बोटं वर उचलणाऱ्या रेडियल नसेची फांदी, तळवा वर वळवणाऱ्या सुपायनेटर स्नायूच्या कडेखाली दबत असावी. तळवा वर वळवण्याचा जोर अडवल्यावर तिथेच कळ येते. यातही एनसीव्ही-ईएमजी बहुधा नॉर्मल असते. निदानाला मदत होते ती त्या जागी दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनची. वेदना काही तास थांबली आणि बोटं तात्पुरती उचलेनाशी झाली, तर औषध योग्य नसेपर्यंत पोचलं असं समजतात.

बोटं इंजेक्शनविनाच बुडाच्या पेरातून वर उचलत नसतील, आणि मनगट उचलताना अंगठ्याच्या बाजूला तिरकं जात असेल, तर वाट पाहू नका. चरबीची गाठ किंवा सांध्यातून आलेली गाठ नसेवर बसलेली असू शकते, ती सोनोग्राफीत दिसते. गाठ असेल तर मग एमआरआय. तोवर तिसरं स्टेरॉइड इंजेक्शन घेऊ नका. कातडी पातळ होते, टेंडन कमजोर होतो.

प्रश्न : लोकलमध्ये कोपर वाकवून मोबाइल पाहताना करंगळी आणि अनामिका बधिर होतात. कोपराखालची आतली बाजूही बधिर वाटते.
– एक वाचक, कल्याण

उत्तर : करंगळीची नस, अल्नर, कोपराच्या मागे दबते, आणि कोपर वाकवून ठेवलं की त्रास वाढतो. पंजाच्या मागची करंगळीकडची कातडीही बधिर असेल तर दाब मनगटाच्या वर आहे, कारण तिची फांदी मनगटाआधीच सुटते. ती बाजू ठीक असेल तर मनगट पाहावं. पण तुमची दुसरी ओळ महत्त्वाची आहे. कोपराखालच्या आतल्या कातडीला अल्नर नस जात नाही. ती कातडी खरोखरच बधिर असेल तर मान किंवा गळपट्टीच्या हाडामागचा भाग तपासायला हवा. चालताना तोल जाणं, शर्टाची बटणं लावणं अवघड होणं असं काही असेल तर लगेच दाखवा.

प्रश्न : अंगठ्याच्या मागे जळजळ आणि बधिरपणा. मी घट्ट कडं घालते, त्याचा संबंध असेल का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : असू शकतो. रेडियल नसेची वरवरची फांदी मनगटाच्या वर साधारण 8-9 सेंटिमीटरवर कातडीखाली येते आणि तिथून अंगठ्यामागे जाते. घट्ट कडं, पाटल्या, घड्याळाचा पट्टा यांनी ती दबते. कडं काढून ठेवा आणि काही आठवडे पाहा.

प्रश्न : एनसीव्हीला जाताना काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, दादर

उत्तर : त्या दिवशी हाताला तेल-क्रीम लावू नका, अंगठ्या-बांगड्या घरी ठेवा. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, गोळी मनाने बंद करू नका. एसी डब्यातून उतरून थेट एसी खोलीत बसलात तर हात गार पडतो, आणि गार हातात नसेचा वेग खरोखर असतो त्यापेक्षा कमी दिसतो. कातडीचं तापमान 32 अंश सेल्सियसच्या वर असायला हवं. गार वाटत असेल तर हात कोमट पाण्यात धरून गरम करून द्यायला तंत्रज्ञाला सांगा, त्यात संकोच करू नका. दोन्ही हातांची तपासणी मागा. मधुमेह, थायरॉइड आणि बी-12 यांचे रिपोर्ट सोबत न्या, तेही मुंग्यांमागे असू शकतात. खासगीत खर्च परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत केस पेपर काढून दाखवता येतं.